मजीच्या पुढे अर्धा तास, गिरजाबाईंच्या गाण्यासाठी

या ट्रिपचा निर्णय माझा नव्हता, हे आधीच सांगते. तो मेगने आणि माझ्या सासूबाईंनी परस्पर घेतला, तोही एकमेकींची भाषा येत नसताना.

इकडे परदेशात, पेंडल हिल या उपनगरातल्या हॉलमध्ये आमचा जयंतीचा कार्यक्रम होता. नागपूरहून आलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, भीमगीतं म्हणत होत्या. मेग कुणाची तरी मैत्रीण म्हणून आलेली. साठीची, गिटार वाजवणारी, खाणींविरुद्ध आंदोलनं करणारी, आणि डोंगरांपलीकडच्या मजी शहराच्या पुढच्या एका गावात स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी चालवणारी. गाणं संपल्यावर ती आईंचे हात धरून म्हणाली, "कम टू माय स्टुडिओ!" आईंनी मान हलवली. मी फक्त गाडी चालवायची होती.

शनिवारी सकाळी गिरावीनच्या आमच्या घरून निघालो. एम-फोर हायवेने ब्लू माउंटन्सचे डोंगर, मग लिथगो गाव. पेट्रोल लिथगोलाच भरा, कारण पुढे पंप कमी आणि मोबाइलची रेंज त्याहून कमी. तिथे बेकरीत खिमा भरलेला, भाजलेला 'मीट पाय' खाल्ला. आईंनी एक घास घेतला आणि पर्समधून ठेच्याची बाटली काढली. "आत खिमा हाय, पण जीव नाही त्याच्यात."

रस्ता सुंदर आहे. मला तो पाहता आला नाही, कारण आई एकच गाणं सारखं गुणगुणत होत्या आणि एका कडव्यावर अडकत होत्या. हे गाणं गिरजाबाईंनी रचलेलं. गिरजाबाई म्हणजे त्यांच्या विहारातल्या महिला मंडळातली मैत्रीण, गेल्या वर्षी वारली. तिचा आवाज कुणीच रेकॉर्ड केला नव्हता. "मी गेली का गाणंबी गेलं," आई म्हणाल्या.

मेगची कंपनी म्हणजे गावाबाहेरची जुनी लोण्याची फॅक्टरी. दाराला कुलूप. शेजारचा माणूस कुंपणावरून म्हणाला, "मेग? शी'ज ॲट द गेट, मेट." गेट म्हणजे कोळशाच्या खाणीचं गेट. तासभर कच्चा रस्ता, माझ्या स्वच्छ गाडीचा रंग लाल. तिथे वीसेक माणसं फलक घेऊन बसलेली, दोन पोलीस कंटाळलेले, आणि मध्ये गिटार घेऊन मेग.

"ओ! वॉज दॅट टुडे?" ती म्हणाली. "नो वरीज! तिला इथेच गायला सांग ना!"

मी दात आवळून भाषांतर केलं. आई गाडीतून उतरल्याच नाहीत. "तिले सांग, मोर्चे मी लय केले. आज रेकॉर्डिंगले आली."

मेग हसली, पण गिटार खाली ठेवायला तिने संध्याकाळ केली. गावात एकच मोटेल. आधीच बुक करा. आम्ही केलं नव्हतं, म्हणून मेगच्या घरी तीन कुत्र्यांसोबत झोपलो.

रविवारी एकदाचं रेकॉर्डिंग सुरू झालं. पहिल्या वेळी पत्र्यावर किंचाळत कोकाटू पोपट उतरले. दुसऱ्या वेळी मेगने न विचारता गिटार वाजवली; आईंनी नुसतं पाहिलं, ती बंद झाली. तिसऱ्या वेळी तेच कडवं आलं आणि आई थांबल्या. ओळ आठवेना. त्यांचे डोळे भरले आणि मला पहिल्यांदा या ट्रिपची भीती वाटली.

"शोभाले फोन लाव," त्या म्हणाल्या.

नागपुरात नुकतं उजाडत होतं. शोभाताई नळावर होत्या, सोबत मंडळातल्या आणखी दोघी. आईंनी स्पीकरवर ती ओळ विचारली आणि तिकडे भांडण पेटलं.

"चिमणीच्या उजेडात अक्षर गिरवलं!" एक म्हणाली.

"चिमणी कुठची बाप्पा? गिरजाच्या घरी रॉकेल होतं का? चुलीच्या उजेडात!"

"चुलीच्याच!" आई इकडून ओरडल्या. "चुलीच्या!" आणि त्यांनी तिथल्या तिथे कडवं उचललं, तिकडून तिघींनी सूर मिळवला. मी वळून पाहिलं तर मेगने माइक फोनला लावलेला.

परतीच्या वाटेवर आई शांत झोपल्या. मी मात्र घरी पोचल्यापासून पुढचे दोन महिने मध्यस्थी केली. मेगला भांडण रेकॉर्डवर हवं होतं, आईंना नको होतं. "आमचं भांडण काऊन छापते ती?" त्या फोनवर मराठीत ओरडायच्या, मेग इंग्रजीत. शेवटी शोभाताईच म्हणाल्या, राहू दे, गिरजाच्या घरचं खरं त्यातच कळते. आई नमल्या, एका अटीवर: कव्हरवर आपलं नाव नको, गिरजाबाईंचं हवं, मराठीत. मी टाइप करून पाठवलं.

रेकॉर्डच्या तबकड्या आल्या तोवर आई नागपूरला परतल्या होत्या. मी खोका उघडला. मेगच्या कॉम्प्युटरने वेलांटी सरकवली होती. सुंदर, जाड अक्षरांत छापलेलं: गरिजाबाई. सगळ्या प्रतींवर. मी मेगला फोन करून जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती बिचारी परत छापते म्हणाली, पण आई थांबायला तयार नव्हत्या. "आहे तशी पाठव."

पाठवली. महिन्याभराने शोभाताईंचा फोटो आला. मंडळातल्या कुणाकडेही रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही, त्यामुळे ती विहारात भिंतीला टेकवून ठेवलीये. कव्हरवर निळ्या बॉलपेनने 'र'ची वेलांटी खोडलीये आणि 'ग'ला नवी काढलीये, जरा वाकडी, पण ठसठशीत.