लाखोरीच्या फुलाएवढी ज्योत

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात तुलारामच्या डोळ्यांत धुकं उतरलं. लाखनीला हमरस्त्याच्या कडेला त्याचं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं, दुकान म्हणजे टिनाची टपरीच. तापून लाल झालेलं लोखंड त्याला अजून दिसे. पण ज्योतीच्या पोटात जे एवढंसं निळं टोक असतं ते दिसेना, आणि सगळं काम तर त्याच टोकावर. ही गोष्ट बाहेर फुटली असती, तर तुटकं हँडलसुद्धा कोणी त्याच्याकडे आणलं नसतं.

म्हणून बायको, गिरजाबाई, जवळ पाट घेऊन बसू लागली. तिच्या माहेरी, सिहोऱ्याला, उभ्या धानातच लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकत. धान निघालं की तिच्या फुलांनी सारं शिवार निळं होई.

"त्या फुलावानी निळं झालं का सांगजो," तुलाराम म्हणाला होता. गिऱ्हाईकाला कळू नये म्हणून दोघं असं शेतीवर बोलत.

त्या दुपारी करडी गावचा भोजराज धानाच्या ट्रकवर सायकल टाकून आला. सायकलचा मधला दांडा तुटला होता. तुलारामने कार्बाईडच्या टाकीचा गॅस सोडून काडी लावली. पिवळी, धुरकट ज्योत भडकली. तो ऑक्सिजनची चावी हळूहळू फिरवू लागला.

"पिवळी सरसूच हाय अजून," गिरजाबाई तांदूळ निवडत म्हणाली. "आता निळी होऊन राहिली... पन फुलात फूल हाय."

"कोनाच्या वावरात वो वयनी?" भोजराज म्हणाला. "आमची लाखोरी तं माकडायनं खाल्ली!"

"आमच्या जी. अजून जरासं... हां. फुलली."

बाहेरचं फिकट फूल आतल्या निळ्यात विरून गेलं. ज्योत मऊ आवाजात बोलू लागली. पितळेची कांडी मधासारखी सांध्यात उतरत होती, आणि तुलारामला वाटत होतं, आपण सासऱ्याच्या धानाच्या बांधीत उभे आहोत, धुक्यात, गुडघाभर निळ्यात.

टाकीला पाणी हवं होतं. गिरजाबाई बादली घेऊन विहिरीवर गेली. नेमके तेव्हाच ट्रकांमागून ट्रक जाऊ लागले; ज्योतीचा आवाज त्यात बुडाला. आता डोळेही नाहीत, कानही नाहीत. तुलारामचा हात अधांतरी थांबला.

भोजराजने त्या हाताकडे पाहिलं. मग रिकाम्या पाटाकडे. मग डोळे बारीक करून ज्योतीकडे.

"भाऊ," तो कानाशी वाकला, "फूल लहान झालं. काट्यावानी टोक आलं."

तुलारामने चावी किंचित मागे घेतली.

"आता?"

"नाई... नाई... हां. आता लाखोरी."

गिरजाबाई परतली, तेव्हा सांधा भरला होता. दोघांकडे बघून ती दारातच थबकली. बादलीतलं पाणी पायावर सांडलं.

"काय झालं जी?"

"माकडं आले होते, वयनी," भोजराज सायकल उचलत म्हणाला. "तुम्ही नव्हत्या, मीच राखन केली. घोर नोका करू. या वावरातली गोष्ट करडीले नाई जात."