बाजूला बघा, विहीणबाई

ये गं शैला, अशी जवळ बस, आणि आधी तो फोन उपडा ठेव. मावशी गेल्याचं कळल्यावर तू हात जोडलेली चित्रं पाठवलीस, एक नाही, ओळीनं तीन, आणि त्याखाली विचारलंस, "मावशीनं ती दीर्घिका खरंच पाहिली का, की सगळ्यांनी तिचं मन राखलं?" अगं, असलं काही बोटानं विचारतात होय? आणि उत्तर काय मी अंगठा दाखवून देऊ? पेपरच्या पुरवणीचं काम बघणाऱ्या बाई नलिनीताईंवर लिहून द्या म्हणून मागे लागल्यात, तर म्हटलं तुलाच सांगते, बाकीचे कान देऊन ऐकतील. मी लिहायला उशिरा शिकले, त्यामुळे बोलते तसंच लिहिते. लांबलं तर लांबलं.

त्या दिवशी मी खाली बाजारात कोथिंबीर आणायला गेले होते. वर आले तर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत, मान डावीकडे वळलेली. मला काही वेगळं वाटलंच नाही. बघायचं एक आणि तोंड भलतीकडे, ही त्यांची रीतच झाली होती. "विहीणबाई, चहा टाकू का?" म्हटलं. कोथिंबीर निवडली. पुन्हा विचारलं... तेव्हा कळलं. तेरावं झाल्यावर मी अमितला, त्यांच्या मुलाला, सांगितलं की तुमच्या आईची समोरची नजर कधीचीच गेली होती आणि मला ते ठाऊक होतं. जावईबापू म्हणाले, "काकू, म्हणजे त्या दिवशी गच्चीवर आईला काहीच दिसलं नसणार. तिनं ते इमॅजिन केलं." इंजिनिअर माणूस, ऐकणाऱ्याला पटतंच. तेच तुझ्यापर्यंत पोचलं. पण त्यांच्या शेजारी मी उभी होते, शैला. माझी साक्ष अजून कोणी काढलेली नाही.

आता वाचणाऱ्यांना सांगायला हवं. नलिनीताई म्हणजे शैलाची मावशी आणि माझी विहीण, मुलाकडची, मानाची. त्यांचा अमित बुओना व्हिस्टाला कामाला, माझी गौरी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, आणि नातीला, ईराला, सांभाळायला आम्ही दोघी सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या एका फ्लॅटमध्ये. दोन विहिणी आणि एक ओटा! त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, मी शाळेची पायरीही न चढलेली. माझ्या आमटीत गूळ जास्त, त्यांच्या बोलण्यात मीठ जास्त. आल्या तेव्हा बॅगेतून लोणच्याची बरणी निघेल म्हणून मी वाट बघतेय, तर निघाल्या दोन जाडजूड गोल काचा, तूच रजईत गुंडाळून दिलेल्या. "हे काय, पोळपाट?" मी विचारलं. "दुर्बीण आहे," त्या म्हणाल्या, "अजून झाली नाही एवढंच."

त्यांना एकच गोष्ट बघायची होती. आपल्या आकाशगंगेला लागून एक छोटी दीर्घिका आहे, म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचं शेजारचं गाव म्हण. ते दक्षिणेला इतकं खाली की पुण्याच्या क्षितिजावरच्या धुळीतून डोकं वर काढत नाही. सिंगापूर विषुववृत्ताला खेटून, म्हणून इथं ते चांगलं वर येतं. तिथून निघालेल्या उजेडाला आपल्यापर्यंत यायला दीड लाखाहून जास्त वर्षं लागतात, असं त्यांनी पोरांना आयुष्यभर शिकवलं आणि स्वतः कधी पाहिलं नाही. विकतची दुर्बीण अमितनं एका दिवसात आणून दिली असती. पण नाही. आरसा आपल्या हातानं घासायचा आणि त्यातून बघायचं.

मग सुरू झालं ते घासणं. काचेवर काच, मध्ये पाणी आणि कुरुंद दगडाची खरखरीत पूड. वरची पुढेमागे सरकवायची, जरा फिरवायची, आपण टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. महिनोन्‌महिने. वरची काच हळूहळू खोलगट होते, तोच आरसा. आणि जाड पुडीवरून बारीक पुडीवर जाताना सोवळं असं की माझ्या सासूनं हात टेकले असते! टेबल धुवा, बादली धुवा, नखं कापा, साडी बदला. जाड पुडीचा एक कण मागे राहिला की ओरखडा, आणि सगळी मेहनत पहिल्यापासून. मी विचारलं, एवढं करून मोठं दिसणार का? "मोठं दिसणं नंतरचं हो," त्या म्हणाल्या, "दुर्बीण म्हणजे उजेड गोळा करायचं भांडं. पावसात वाटी ठेवली तर वाटीभर, घमेलं ठेवलं तर घमेलंभर. आपल्या डोळ्याची बाहुली म्हणजे तिळाएवढी वाटी." आणि मोठाल्या वेधशाळांतली माणसं तो उजेड नुसता बघत बसत नाहीत म्हणे, त्याची रंगांची पट्टी पाडतात, आणि त्या पट्टीतल्या रेघांवरून तारा कशाचा बनलाय, किती तापलाय, आपल्याकडे येतोय की लांब चाललाय, सगळं वाचतात. वाचतात, हा शब्द त्यांचाच. मला तो फार आवडला होता.

पॉलिश करायची वेळ आली आणि खरी गोष्ट बाहेर पडली. इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते, बॉम्ब शेल्टर. लोक तिथं सुटकेसा आणि तांदूळ ठेवतात. आम्ही आरसा ठेवला. दार उघडं, आम्ही बाहेर पॅसेजमध्ये, सगळे दिवे बंद. टाचणीच्या भोकाएवढा उजेड आरशावर सोडायचा, तो परत येतो तिथं दाढीचं पातं हळूच आडवं सरकवायचं आणि पात्यामागून बघायचं. आरसा चंद्रासारखा करडा दिसतो, आणि हाताला कधी न लागणारा उंचवटासुद्धा टेकडीसारखा उठतो. मला पटेना, तेव्हा त्यांनी काचेवर अंगठा टेकवला, थोडा वेळ दाबून धरला. "आता बघा." बघते तर काय, अंगठ्याच्या उबेनं काच फुगलेली, तिथं डोंगर! मी चक्क ओरडले. मग त्या पात्यामागे बसल्या. लगेच म्हणाल्या, "विरला बघा. आता साफ आहे." मी पुन्हा डोळा लावला. डोंगर जागच्या जागी होता, ठसठशीत.

शैला, मी चाळिशीपर्यंत निरक्षर होते. बसची पाटी वाचता येत नाही म्हणायची लाज, म्हणून शेजारच्या बाईला म्हणायची, "चष्मा घरी राहिला हो, जरा सांगता का?" चष्मा नव्हताच मला. लपवणारी बाई लपवणाऱ्या बाईला ओळखते. एकदम सगळं समोर आलं... कपात बोट बुडवून चहा ओतणं, पेपर माझ्यापुढे सरकवून "तुम्हीच वाचा, सराव होईल" म्हणणं. मी तो टोमणा समजत होते गं, आतल्या आत धुमसत होते. चष्म्याची ती गोष्ट मी त्यांना कधी तरी हसत सांगितली होती. म्हणून अंधारात एवढंच विचारलं, "विहीणबाई, चष्मा घरी राहिला का?"

त्या सुटकेसवर बसल्या. डोळ्याचा मधला भाग झिजतो, कडा राहतात, यावर औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. उजवा गेलाच होता, डावा त्याच वाटेनं निघाला होता. "अमितला कळलं तर आधी डॉक्टर, मग पुणं, आणि ही काच माळ्यावर. मला एकदा बघू द्या हो. मग सांगा कोणाला सांगायचं ते."

"आणि ईराचं काय?" मी विचारलं. नात माझीही आहे.

"तिला घेऊन मी रस्ता ओलांडते का? गॅसपाशी तिला माझ्याजवळ उभी राहू देते का? आठवून बघा."

आठवून बघितलं. खरंच, कधीच नाही. मग मीही तोंड शिवलं. रागाव हवं तर, पुन्हा वेळ आली तर पुन्हा शिवीन.

तेव्हापासून त्यांचे हात आणि माझे डोळे. "मध्ये खळगा आहे. कडेला जाड वळ, न लाटलेल्या पोळीसारखा." त्या डांबराच्या चकतीवर लाल पूड घेऊन तेवढंच घासायच्या, मी पुन्हा बघायची. माझ्या तोंडून एक शब्द चुकला तर आरसा बिघडणार, या भीतीनं मला जेवण जाईना. त्यात त्या वर्षीचा तो धूर आला, इंडोनेशियातली जंगलं पेटली होती. जो तो उठल्यासुटल्या हवेचा आकडा बघायचा. खिडक्या बंद, शाळा बंद, सूर्य गेरूच्या गोळ्यासारखा. आरसा तयार आणि आकाशच नाही. धूर गेला तर पाऊस. त्या रोज सकाळी खिडकीच्या गजांकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "काल सहा गज होते. आज मधले दोन नाहीत." मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं.

त्या पावसातच आम्ही दोघी इथल्या कारखान्यांच्या गल्लीत गेलो. दिव्यांच्या वाट्यांना चकाकी देणारा एक चिनी म्हातारा होता, तो आरशावर ॲल्युमिनियमचा थर देणार होता. त्यानं आरसा उलटसुलट केला. "आंटी, मेकअप करायला आह? इतका खोल? चेहरा मोठा दिसणार!" विहीणबाई म्हणाल्या, "सांगा त्याला, माझ्या नव्हे, ताऱ्यांच्या चेहऱ्यासाठी." त्यांचं पुस्तकी इंग्रजी त्याला कळेना, म्हणून मी बाजारात शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यानं मग आरसा दोन्ही हातांनी उचलून आत नेला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आकाश उघडलं. जेवणं अर्धी टाकून आम्ही पाचही जण समोरच्या बहुमजली कारपार्कच्या गच्चीवर गेलो. नळी आणि प्लायवूडचं खोकं अमितनं सुट्टीच्या दिवशी करून दिलं होतं, त्यांचं श्रेय त्यांना. दक्षिणेला अगस्त्याचा तारा झळकत होता, त्याच्या खाली, जरा उजवीकडे, अमितनं फोनवरच्या नकाशाप्रमाणे नळी लावली. पूर्वेकडून ढग निघाले होते. अमितनं पाहिलं. "आई, नुसता करडा उजेड आहे. इथलं आकाश कधी काळं होतच नाही." ईरा स्टुलावर चढली. "कॅनॉट सी लाह, आज्जी," इथल्या बोलण्यातलं ते 'आह', 'लाह'चं शेपूट लावून म्हणाली. गौरी बराच वेळ बघून म्हणाली, "मला वाटतं... आहे काहीतरी." ते मन राखणं होतं, तेवढं आईला कळतं. मी पाहिलं. काही नाही गं. करडं, नुसतं करडं. चांगल्या डोळ्यांना दिसत नाही, तर या बाईला काय दिसणार? आणि ती "नाही" म्हणाली तर? आणि "आहे" म्हणाली तर मी काय समजायचं?

त्या स्टुलावर बसल्या, डावा डोळा लावला. मग मी पाहिलं, त्यांनी बुबुळ एका कडेला नेलं, पेपरावरून नजर काढावी तसं. ढग अगस्त्यापाशी आला. अमित लांब जाऊन फोनवर पाऊस कुठवर आलाय ते बघत होते, गौरी त्यांच्यापाशी. मला वाटलं, या आता रडतील.

"आहे," त्या म्हणाल्या.

मी "हो का?" म्हटलं, त्यातली शंका त्यांना ऐकू आली. "विश्वास नाही ना? ठेवूच नका. ईरा, इकडे ये, हात दे." त्यांनी ईराच्या डाव्या तळहातावर बोटानं काहीतरी काढलं, माझ्याकडे पाठ करून. "आता या आजीला काही सांगायचं नाही. विहीणबाई, तुम्ही बघा आणि तिच्या दुसऱ्या हातावर काढा."

"मला दिसत नाही हो!"

"सरळ बघताय म्हणून. डोळ्याचा मधला भाग लख्ख उजेडातच कामाचा, अंधूक गोष्ट कडेलाच सापडते. बाजूला बघा, विहीणबाई. माझा डोळा बाजूला बघायला केव्हाच शिकलाय, तुमचा अजून अडाणी आहे."

इतक्या वर्षांत त्यांनी मला अडाणी म्हटलं ते हे एकदाच, आणि मी हसले. नळी जरा पुढे ढकलली, कारण चित्र सरकत राहतं. नजर कडेला नेली. काही नाही... काही नाही... आणि मग, शैला, दुधाच्या डागासारखं काहीतरी उमटलं. त्यात एक वेटोळं, कुरडई घालताना धार तुटली की राहतं तसं, एका बाजूनं उघडं, आणि त्याला बाहेर आलेले दोन पाय. सरळ बघितलं की गायब. बाजूला बघितलं की हजर. मी ईराचा उजवा हात ओढला आणि काढलं. पोरीनं दोन्ही तळहात शेजारी धरले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, बोटांच्या गुदगुल्या आठवत.

"सेम सेम लाह!"

विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. अमित धावत आले तोवर ढगानं सगळं झाकलं होतं. त्या वेटोळ्यात नवे तारे जन्माला येतात आणि शास्त्रज्ञ त्याला कोळी म्हणतात, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, आधी नव्हे. अमित म्हणतात, लहान मुलीला दोन कुरडया सारख्याच वाटणार. वाटू देत. माझा हात आणि त्यांचा हात, मध्ये कोणी काही बोललेलं नाही. तू विचारलंस ना, मन राखलं का? त्या बाईनं मन राखायला जागाच ठेवली नव्हती.

मग तिथून पुढची दोन वर्षं आम्ही आमटीतल्या गुळावरून भांडलो, पण ओठांतलं हसू दाबून. आता आरसा बॉम्ब शेल्टरमध्ये पुऱ्यांच्या डब्यात आहे, मलमलीत गुंडाळलेला. खिडकीजवळची खुर्ची तशीच आहे. सरळ बघितलं की ती रिकामी. म्हणून चहा ओतताना मी गजांकडे बघते, खुर्ची कडेला राहू देते. गौरी म्हणते, आई, चहा बशीत सांडतोय. सांडू दे.

पण एक सांगते. इथल्या दमट हवेत आरशावरचा थर विटायला लागलाय, कडेनं धुरकट झालाय. यंदाच्या फेब्रुवारीत चालेल, पुढचं सांगता येत नाही, आणि माझे डोळेही काही कोवळे नाहीत. तेव्हा चित्रं पाठवू नकोस. तिकीट काढ. ईराचे तळहात आता मोठे झालेत, त्यावर काढायला भरपूर जागा आहे. वेटोळं कोणत्या बाजूनं उघडं, पाय कुठं, ते मी तुला आधी सांगणार नाही हं. लवकर ये.