पाठमोरी ओळख

आमच्या दाजींना गावभर सगळे साहेब म्हणतात. काम म्हणाल तर केस कापायचं. दोन खुर्च्यांचं दुकान, कोपऱ्यात तडकलेला आरसा, बाकावर शिळी वर्तमानपत्रं. पण दुकानात ज्याच्या मानेला हळुवार पावडर लावून "सावकाश जा" म्हणतील, तोच माणूस थोड्या वेळानं बाजारात समोर आला तर भिंतीकडे बघावं तसं बघून पुढं निघतील. म्हणून साहेब. "दुकानात लोणी आणि रस्त्यात साहेब," असं लोक बोलायचे आणि दाजी ते हसून गिळायचे.

खरी भानगड अशी, की दाजींना चेहरा ओळखता येत नाही. नजर चांगली घारीची आहे. सुईत दोरा ओवतील, गालावरचा तीळ चुकवून वस्तरा फिरवतील. समोरच्याचं नाक दिसतं, डोळे दिसतात, ओठ दिसतात, पण ते सगळं मिळून हा अमुक, असं काही डोक्यात उमटत नाही. जन्मापासूनचंच आहे.

त्यांच्या खुणा वेगळ्या. डोक्यावरचा भोवरा, कानाची पाळी, मानेवरची वळी, चाल, खोकला. पाठमोरा माणूस लांबून ओळखतील. रस्त्यात पुढं चाललेल्याला "काय गवंडी, भिंत उभी राहिली का?" म्हणून हाक मारतील, आणि गवंडी वळून तोंड दाखवेल तेव्हा यांचाच चेहरा कोरा. त्यात धंदा असा निवडला, की ज्या केसांवरून माणूस ओळखायचा ते आपल्याच हातानं उडवायचे.

आमच्या ताईला हे लग्नानंतर लवकरच कळलं. न्हाऊन केस मोकळे सोडून ती पुढच्या खोलीत आली, तर दाजी खुर्चीवरून अदबीनं उठून म्हणाले, "बसा ना. ती आत आहे, बोलावतो." ताईला वाटलं, नवरा थट्टेखोर मिळाला. मग ते खरंच आत जाऊन तिला शोधायला लागले. तेव्हापासून ताई घरात पाऊल टाकतानाच बडबडत टाकते. सवय आधीचीच होती, आता कारण मिळालं.

बाहेर मात्र कुणाला पत्ता नव्हता. दाजींनीच तिला बजावलं होतं. "याच्या डोक्यात काहीतरी कमी आहे, एवढंच लोकांच्या ध्यानात राहील. मग गळ्यावर वस्तरा कोण फिरवू देईल? त्यापेक्षा मी शिष्ट बरा."

असं बरं चाललं होतं, नळवाला परत येईपर्यंत.

नळवाला म्हणजे दाजींचा लहानपणापासूनचा दोस्त. दांडगा गडी, जाड मिशा, आवाज असा की टाकीत उतरून बोलला तरी गल्लीत ऐकू जावा. त्याला मोठं आजारपण आलं आणि उपचारांसाठी तो लेकीकडं जाऊन राहिला. परत आला तो निम्मा होऊन. औषधांनी केस गेले, मिशा गेल्या, आवाज घोगरा झाला. डोक्यावर जरा लव उगवली, तशी ती सारखी करून घ्यायला तो उठून थेट दाजींच्या दुकानात आला. येतोय म्हणून कळवलंही नाही. दोस्ताकडं काय कळवून जायचं.

दाजींनी खुर्ची झटकली. "बसा पाहुणे. पहिल्यांदाच आलात वाटतं?"

नळवाला आरशातून बघत राहिला. थट्टा असेल म्हणून थांबला. दाजींनी अंगावर कापड टाकलं, डोक्यावर पाणी मारलं आणि आपुलकीनं विचारलं, "आजारी होतात का? कुठल्या भागात राहता?"

नळवाला उठला. कापड काढून खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि चालू लागला. दारात डबा घेऊन आलेली ताई त्याला आडवी आली. तो तिला वळसा घालून निघून गेला.

"काय म्हणालात त्यांना?" ताईनं विचारलं.

"कोणाला?"

"अहो, दोस्त होता तुमचा."

दाजी बाकावर बसले. डबा तसाच राहिला.

"चष्मा विसरलो होतो म्हणून सांगा," ताई म्हणाली.

"मी चष्मा लावत नाही, हे त्याला ठाऊक नाही का?"

"मग मी जाऊन खरं सांगते."

"तू नको. माफी मागायलाही बायकोला पाठवलं म्हणेल." मग म्हणाले, "गवंड्यानं मला शिष्ट म्हटलेलं चालतं. त्यानं म्हटलेलं नाही चालणार."

दुकानाचं दार ओढून दाजी नळवाल्याच्या घरी गेले. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. दाजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चेहरे दिसतात, पण ओळखू येत नाहीत. तुला मी तुझ्या मिशांवर आणि आवाजावर ओळखायचो, कान-भोवरा बघायची कधी गरजच पडली नाही. दोन्ही गेलं, मी आंधळा झालो.

"आजवर एवढ्या थापा मारल्यास," नळवाला भिंतीलाच म्हणाला, "ही सगळ्यात भिकार आहे."

"तुझ्या लग्नात मी तुला मिठी मारून नवरदेव म्हणालो होतो, आठवतं?"

नळवाला वळला. "माझ्या मेहुण्याला मारली होतीस. तो बिचारा घाबरला होता."

"तुझ्यासारखाच फेटा होता त्याला."

नळवाला खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "आल्यापासून जो तो माझं तोंड बघून मान फिरवतोय. वाटलं, तूही त्यातलाच."

"मला तुझं तोंड आधी तरी कुठं माहीत होतं?"

नळवाला हसला, हसता हसता खोकला. "आणि वहिनीला कसा ओळखतोस?"

"आवाजावर."

"हां. तिथं चुकायची सोय नाही."

दुसऱ्या दिवसापासून नळवाला दुकानाच्या बाकावर ठाण मांडून बसायला लागला. कुणी आलं की घोगऱ्या आवाजात पुकारा. "या गवंडी. या पोस्टमन, आज तुम्हीच आलात होय." लोकांना वाटलं, आजारानं याच्या डोक्यावर परिणाम झाला. पोस्टमननं तर दाजींच्या कानात तसं बोलूनही दाखवलं.

ते दाजींना सोसेना. दोस्तावर शेरा नको म्हणून त्यांनी कात्री खाली ठेवली आणि भरल्या दुकानात सांगून टाकलं, "त्याचं डोकं ठिकाणावर आहे. मला चेहरे ओळखता येत नाहीत, म्हणून तो नावं पुकारतो. इथून पुढं आलात की आपण कोण ते सांगत जा."

बाकावरची वर्तमानपत्रं खाली आली. "म्हणजे तुम्ही साहेब नव्हताच?" गवंडी म्हणाला. त्याला जरा वाईटच वाटलेलं दिसलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक मात्र अर्ध्या दाढीवर उठलं आणि उरलेली घरी करतो म्हणून निघून गेलं.

पुढं एकदा मी दाजींना विचारलं, ते गिऱ्हाईक परत कधी आलं का?

"आलंही असेल बाबा," दाजी म्हणाले. "मला काय कळणार?"