नऊच प्रती

काम संपलं की सत्तारचाचा ब्लॉकच्या पत्र्यावर टोकदार सळईने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारत. बीडच्या छापखान्यांना ते जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाने चित्रं कोरून ब्लॉक करून देत. लग्नपत्रिकेवरचा गणपती, श्रद्धांजलीतला फोटो. "उद्या ह्येच्या मयताचा फोटू कुनी दुसरीकडं छापला तर? जबान दिली की दिली," म्हणत. तेजाबाने त्यांची बोटं कायमची पिवळी पडली होती. पंगतीत वाढपी विचारी, हळद लागली का?

नवी यंत्रं आली आणि ब्लॉक कुणी विचारीना. मी तेव्हा बीडहून रोज एसटीने गेवराईच्या शाळेत चित्रकला शिकवायला जाई. एवढं कसब वाया जातंय हे मला बघवेना. मीच मागे लागलो, "चाचा, स्वतःची खोली कोरा."

चार महिने ते कोरत होते. खिडकीतून आलेला उजेड, त्यांच्या बायकोचं, जैनबचाचींचं शिवणयंत्र, त्यावर घडी केलेली ओढणी, मागे माठ आणि कोपऱ्यात दाट काळोख. "तेजाबात पत्रा जितका येळ ठिवाल तितका अंधार गहिरा," ते सांगत. "उजेडाला कायबी करावं लागत न्हाई. त्येला नुस्तं वाचवायचं."

रसवंतीच्या जुन्या चरकाला गुळगुळीत रूळ बसवून आम्ही छपाई केली. मी अट घातली, नऊच प्रती, मग फुली.

"पत्रा तर पन्नास बी देतंय. नऊच कावून?"

"नऊच आहेत म्हणून लोक जपतील. किंमत त्यातच आहे."

चाचा विचारात पडले. "म्हंजी मानसावानी. एकच असतंय म्हनून जपायचं."

आठ प्रती प्रदर्शनात बाहेरगावच्या लोकांनी नेल्या. नववी त्यांनी मला दिली. स्वतःला एक ठेवा म्हटलं तर हसले. "आमी त्याच खोलीत ऱ्हातो, मास्तर. भिंतीवर भिंत कावून टांगू?"

दोन वर्षांनी रस्ता रुंद करायचा म्हणून त्यांच्या भिंतीवर लाल फुली आली. जैनबचाची ओल्या फडक्याने ती पुसत बसल्या. रंग निघाला नाही. अर्ध्या दिवसात खोली जमीनदोस्त झाली आणि दोघं पालीच्या रस्त्यावर भाड्याने राहायला गेली. तिथे चाचींना विसर पडू लागला. रोज संध्याकाळी गाठोडं बांधून म्हणत, "घर चलो."

एका दुपारी चाचा माझ्याकडे आले. "ती नववी परत चार दिस द्या, मास्तर. तिच्या समोर धरतो. घर दिसलं की शांत तरी व्हईल."

माझी मान वर होईना. गेवराईहून बीडला बदली मिळावी म्हणून ती प्रत मी एका साहेबांना भेट दिली होती. बदली झालीही होती. मी खरं ते सांगून टाकलं. चाचा म्हणाले, "चांगल्या भिंतीवर असंल." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सावरायला मी म्हणालो, त्याच फुली मारलेल्या पत्र्यावरून आणखी एक काढू.

"आन् जबान दिलती, ती?"

"फुलीसकट निघेल. ती नवांत धरत नाहीत."

बायकोसाठी ते कबूल झाले. चरक मीच फिरवला.

चाचींनी कागद मांडीवर घेतला. यंत्रावरून बोट फिरवलं, माठावरून फिरवलं. "अपना घर," म्हणाल्या. किती दिवसांनी त्या हसल्या. मग बोट फुलीवर आलं. त्यांनी ओढणीचं टोक पाण्यात बुडवलं आणि फुली पुसायला लागल्या. पुसता पुसता हात थांबला.

"गिरा दिया ना?"

"हां," चाचा म्हणाले.

त्यानंतर चाचींनी गाठोडं बांधलं नाही. घरी चला म्हणाल्या नाहीत, जेवायलाही मागितलं नाही. दीड महिन्यात गेल्या.

दफन करून आल्यावर चाचांनी तो कागद माझ्या हातात दिला. "मी कावून दाखवलं, मास्तर? इसरली व्हती. लई बरी व्हती." पुढच्या रमजानात तेही गेले.

कागद माझ्या कपाटात आहे. ओढणीने घासलं तिथे त्याचे तंतू निघालेत. त्यावर नंबर नाही, सही नाही. अशी ही एकच. एकच असतं म्हणून जपायचं, असं चाचा म्हणाले होते. नववी मी जपली नाही. ही जपतो.