झऱ्यापाशी बूट काढणारी माणसं

नीलिमा खटावकरला ज्याने कुणी पहिल्यांदा 'जरा हळू बोला' असं सांगितलं, त्याने तिची शाळा पाहिली नव्हती हे नक्की. कऱ्हाडला मुलींच्या शाळेत तिने अकरा वर्षं इतिहास शिकवला. मधल्या सुट्टीत तिने पायरीवरून हाक मारली की मैदानाच्या पार टोकाला चिंचा पाडणारी पोरगी जागच्या जागी उभी राहायची. पुढे नवऱ्याला, मयुरेशला, जर्मनीत एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि बाई बाड एर्लेनतालला आल्या. इथे तिची डिग्री कुणी हिशेबात धरेना. चौदा वर्षांत ती जर्मन शिकली, भांडण्यापुरती तर फर्मास शिकली, पण आवाजाला काही काम मिळालं नाही, 'जरा हळू' तेवढं जिथे तिथे ऐकायला मिळालं.

एर्लेनताल म्हणजे एस-बानच्या, इथल्या लोकलच्या, शेवटच्या स्टेशनचं गाव. पाहण्यासारखं म्हणाल तर एक किल्ला, त्याचा पांढरा बुरूज, एक कॅसिनो, आणि या सगळ्यांच्या मधोमध मोठी बाग. बागेत खारट पाण्याचा झरा. कधीकाळी राजे-रजवाडे संधिवात घेऊन हे पाणी प्यायला यायचे. आता टुरिस्ट येतात, फोटो काढतात, एक घोट पितात आणि तोंड वाकडं करून पुढे जातात. दर गुरुवारी तीन वाजता बागेतल्या मंडपात वाद्यवृंद वाजतो, तोही फुकट.

यंदा मे महिन्यात सासूबाई आल्या; नीलिमा त्यांना आईच म्हणायची. शुभाताईंना शहात्तर पूर्ण झालेली, गुडघे बोलणारे, पण कान असे तिखट की स्वयंपाकघरात कुजबुजलेलं दिवाणखान्यातून दुरुस्त करायच्या. मयुरेशचं पाऊल तीन मजले खाली वाजलं की यांनी चहा टाकायला सांगितलेलाच. सकाळी सगळी आपापल्या कामाला गेली की त्या खिडकीशी बसायच्या आणि समोरच्या बिल्डिंगमधली म्हातारी पडदे कधी उघडते ते बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मुलाला सांगून टाकलं, "माझं तिकीट अलीकडं आण रे बाबा. इथं मी नुसती श्वास घेतेय."

नीलिमाला ते चटका लावून गेलं. शनिवारी ती त्यांना गावाच्या सरकारी टूरला घेऊन गेली. नव्वद मिनिटं, सगळी उभ्याने. गाईड छत्री उंच धरून पुढे चालायचा, बुरुजाचं साल सांगायचा आणि आई धापा टाकत पोचेपर्यंत पुढच्या दाराशी निघालेला असायचा. त्यांनी एर्लेनतालमध्ये काय पाहिलं, तर त्या छत्रीची पाठ.

घरी येऊन नीलिमाने वही उघडली आणि आपली टूर आखली. तिचा नियम सोपा होता: आधी बाक, मग संडास, मग इतिहास. दर दोनशे पावलांवर बसायचं. थर्मासमधला चहा बुरुजाखाली, तिखटमिठाच्या पुऱ्या कॅसिनोसमोर. कॅसिनोत कुणी शिरायचं नाही, पण जुगारात सगळं हरलेल्या सरदाराची गोष्ट मात्र ती अशी रंगवायची की ऐकणाऱ्याचा हात आपसूक खिशाकडे जावा. शेवटी वाद्यवृंद. पहिल्या गुरुवारी आई एकट्याच होत्या. त्यांनी खिडकी सोडून ही बातमी फोनवरून ज्याला त्याला सांगितली, आणि महिन्याभरात पोरांच्या घरी पाहुणे आलेले तेरा म्हातारे-म्हाताऱ्या स्टेशनवर जमू लागले. कुणी बाड हॉम्बुर्गहून, कुणी थेट फ्रांकफुर्टहून. तिकिटाचा विषय आईंनी पुन्हा काढला नाही.

झऱ्यापाशी आरोग्याची देवी आहे, संगमरवरी, हातात वाटी घेतलेली. पाणी त्या वाटीतून पडतं. आता देवी म्हटल्यावर आपली माणसं काय करणार? कुणी कुणाला सांगितलं नाही. पायऱ्यांपाशी सगळ्यांनी बूट काढले, रांगेत लावले, उजव्या तळहातावर पाणी घेतलं, प्यायले आणि ओला हात डोक्याला पुसला. आईंनी तर अनवाणी एक प्रदक्षिणाही घातली. नीलिमानेही बूट काढले.

घात केला तो शरदचंद्र पेंडशांनी. पेंडसे काका पुण्यातले, बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी फिरायला जाताना लोकांच्या कुंपणावरची फुलं देवासाठी खुडण्यात हयात गेली, तोंडाने स्तोत्र चालू आणि हात जास्वंदीवर. त्यांनी बागेच्या वाफ्यातले दोन पिवळे गुलाब खुडले आणि देवीच्या पायाशी ठेवले. अहो, जर्मन माणसाच्या देखत नगरपालिकेचा गुलाब! एका जर्मन आजोबांनी फोटो काढला, नीलिमाचा पत्ता लिहून घेतला, आणि आठवड्याभरात नीलिमाच्या पत्त्यावर टुरिस्ट ऑफिसचं दोन पानी पत्र आलं.

पत्रात लिहिलं होतं की परवानगीशिवाय गटाचं नेतृत्व केलं, फुलं तोडली, झऱ्यापाशी विधी केले, बूट काढून पायऱ्या अडवल्या. सोबत सही करायला एक कबुलीपत्र. यातलं काहीही पुन्हा होणार नाही असं लिहून दिलं तर परवानगीचा विचार करू, नाहीतर गुरुवार बंद.

मयुरेश म्हणाला, सही करून टाक, एवढं काय. मराठी मंडळाचे अध्यक्ष सुधीर तर संध्याकाळी घरीच आले. वहिनी, आपण इथे पाहुणे आहोत, चार लोकांत नाव खराब होतं, मूग गिळून बसावं, असं त्यांनी चहाच्या दोन कपांत समजावलं. चौदा वर्षं टॅक्स भरणारा पाहुणा नीलिमाने तरी पाहिला नव्हता. तिने तसं सांगितलंही. दिवाणखान्यात आई सुपारी कातरत होत्या, त्यांचा अडकित्ता तेवढा थांबला.

सोमवारी ती टुरिस्ट ऑफिसात गेली. तिथल्या प्रमुख फ्राऊ हार्टविग उंच, नीटनेटक्या, आणि वाईट बिलकूल नव्हत्या. नियम म्हणजे नियम, एवढंच. नीलिमाने कबुलीपत्र टेबलावर ठेवलं. फुलांच्या ओळीखाली सही होती. बाकीच्या ओळींवर पट्टी धरून सरळ रेघ मारलेली होती.

"फुलांची माफी मागते," नीलिमा म्हणाली. "ती आमची चूक. बुटांची नाही मागणार. दोनशे वर्षं आजारी माणसं याच पायऱ्यांवर बरं व्हायला आली, तुमच्याच पाटीवर लिहिलंय. माझी म्हातारी माणसं त्याचाच मान राखून बूट काढतात. तुमची घालून जातात, त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही."

फ्राऊ हार्टविगनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे सांगितलं की अर्धी सही चालत नाही. परवानगी मिळणार नाही, आणि इथून पुढे गट नेताना दिसल्यास दंड होईल. वर नियमांचं छापील पत्रक हातात दिलं, माहितीसाठी.

बुधवारी आईंनी बॅग पलंगाखालून ओढून काढली. गुरुवार नाही तर राहून काय करू, असं त्यांनी साडीच्या घड्या घालत सांगितलं. रागावल्या नव्हत्या, तेच नीलिमाला सोसेना. एखाद्याने ओरडावं, भांडावं, पण असं निमूट घड्या घालणं! ती स्वयंपाकघरात गेली आणि हार्टविगबाईंचं पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली. इतिहासाची बाई, तहाची कलमं वाचूनच जन्म गेला. तिसऱ्या वाचनात तिला हवं ते सापडलं. गट म्हणजे पाचाहून अधिक माणसं, एकत्र चालणारी आणि एका मार्गदर्शकाच्या मागून जाणारी. तिने फोन उचलला आणि एकेकाला करत सुटली.

गुरुवारी दुपारी दोन वाजता बागेत गट नव्हता. पेंडसे काका हात पाठीमागे बांधून बदकं पाहत होते, हात सोडायची त्यांना सक्त मनाई होती. बाड हॉम्बुर्गच्या दोघी बहिणी एका बाकावर, नागपूरचं जोडपं दुसऱ्या. बाकीचे असेच विखुरलेले, कुणी कुणाच्या मागे नाही. किती बाकं भरली आहेत ते एरवी कोण मोजतो? नीलिमा फक्त आपल्या सासूबाईंना घेऊन फिरायला आली होती, जी गोष्ट जगातल्या कुठल्याही नियमात बसते.

पण पायऱ्यांपाशी फ्राऊ हार्टविग स्वतः उभ्या होत्या, हातात नियमांचा कागद, बरोबर गणवेशातला एक माणूस. नीलिमाने त्यांना पाहिलं. इतकी वर्षं 'हळू' ऐकून ऐकून गळ्याला जी सवय लागली होती तिने नेमकी आता उचल खाल्ली. आईंच्या कानाशी वाकून ती पुटपुटू लागली, ही देवी, हिच्या हातातली वाटी. चार हातांवरच्या बाकालासुद्धा ते ऐकू जात नव्हतं. बहिणी एकमेकींकडे पाहू लागल्या. काकांनी बदकांवरची नजर काढली.

आईंनी वाकून बूट काढले, नीट जोडीने ठेवले आणि सुनेचा हात धरला. मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही गं. वय झालं. मोठ्यांदा सांग."

नीलिमाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या कानांनी तीन मजले खालचं पाऊल ओळखलं होतं. आई देवीकडे बघत होत्या, चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

मग ती ताठ उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला, आणि कऱ्हाडच्या मैदानासाठी घडलेला तो आवाज चौदा वर्षांनी पहिल्यांदा मोकळा सोडला. बदकं तळ्याच्या पलीकडे गेली. बागभर बारा माना वर झाल्या आणि एकेक करून लोक बूट काढू लागले, जिथे बसले होते तिथेच. गणवेशातल्या माणसाने फ्राऊ हार्टविगना काहीतरी विचारलं. त्यांनी हातातला कागद पाहिला, दोन बायकांकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली.

"अजून मोठ्यांदा," आई म्हणाल्या.