जासूस आत्याची सवत

प्रिय ईशान आणि मीरा,

गेल्या रविवारी तुम्ही तो जपानी सिनेमा मला फोनच्या पडद्यावर शेवटपर्यंत बघायला लावलात. ॲनिमे म्हणायचं, कार्टून नाही, हे आता मी विसरणार नाही. आधीचे भाग ईशाननं मला समजावून दिले होते: शाळेत खून होतात, सगळे म्हणतात भूत करतं, आणि दर वेळी भुतामागं कुणीतरी माणूस निघतो. या शेवटच्या सिनेमात मात्र भूत खरंच होतं आणि सगळं त्यानंच केलं होतं. मीरा रडली. मी म्हणाले, "पण भुतानं काम कोणाचं केलं?" तुम्ही दोघं पोट धरून हसलात. मग ईशाननं विचारलं, "आजी, हे तू कुठं शिकलीस?"

ते वाक्य माझं नाही. ज्यांचं आहे, त्यांच्याविषयी तुमच्या आईलाही फारसं ठाऊक नाही, आणि माझ्या वयात अशी कामं पुढं ढकलू नयेत. म्हणून लिहिते आहे. अडेल तिथं आई वाचून दाखवेल.

जासूस आत्या कुणावरही विश्वास ठेवत नसत. त्या तुमच्या पणजोबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून नागपूरला भावाकडं, म्हणजे माझ्या मामंजींकडं, धंतोलीच्या घरी राहायला आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माप ओलांडल्या ओलांडल्या त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं न बघता पायांकडं पाहिलं. "टाचा झिजलेल्या आहेत. चालणारी दिसते. ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. दूधवाल्याच्या दुधात त्या रोज बोट बुडवून बघत. बोट कोरडं करता करता त्याच्याकडं अशा बघत की तो बिचारा न विचारताच म्हणे, "बाई, आज तं खरंच नाही घातलं." त्यावर आत्या म्हणत, "आज नाही म्हणजे काल घातलं." कुणी पेढे आणले तर पुडा सोडायच्या आधी "काहून आणले?" हा प्रश्न. मामंजी वैतागून म्हणत, "ताई, तुले तं देवातही चोर दिसते." आत्या शांतपणे सांगत, "देवात नाही दिसत. देवाच्या बाजूले जो हात जोडून उभा राहते, त्याच्यात दिसते."

एकाच व्यक्तीविषयी त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही, आणि ती होती त्यांची सवत. आत्यांना दुसरेपणावर दिलं होतं. आपल्याकडं तेव्हा रीत अशी होती की, दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाचा चांदीचा लहानसा टाक गळ्यात घालायची. बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर उमटवलेली बाईची आकृती. मेलेल्या सवतीनं रागावून नवीला धरू नये, म्हणून तिला रोज कुंकू लावायचं, सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा. नवरा गेल्यावर आत्यांचं मंगळसूत्र उतरलं, टाक राहिला. कुणी टोकलं तर म्हणत, "नवरा होता तवर त्याचं मंगळसूत्र. ही तं माझी आहे." जेवताना त्या हळूच त्या टाकाशी बोलत. आंब्याचं लोणचं खारट झालं की, "पाह्य वं सखू, सुनेनं काय करून ठेवलं." सखू म्हणजे सवत. मला ते आधी चमत्कारिक वाटे. पुढं सवय झाली.

आत्यांना सिनेमाचं वेड होतं, तेही खुनाच्या सिनेमाचं. बर्डीवरच्या टॉकीजमध्ये बायकांसाठी बसायची वेगळी जागा असे. तिथं दुपारच्या खेळाला आत्या, मी आणि शेजारच्या दोघीतिघी जात असू. इंटर्व्हलमध्ये सगळ्या भुईमुगाच्या शेंगा फोडत आत्यांच्या तोंडाकडं बघत बसायच्या, कारण खुनी कोण ते आत्या तेव्हाच सांगत. त्या सुमाराला एका भुताळ्या हवेलीवर एकामागून एक तीन हिंदी सिनेमे निघाले होते. पहिल्या दोन्हींत पांढऱ्या साडीतली मेलेली बायको कंदील घेऊन फिरते आणि घरात खून पडतात. दोन्ही वेळा आत्यांनी खुनी बरोबर ओळखला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "आत्याबाई, तुम्हाले भेव नाही वाटत का हो त्या भुताचं?"

"भुताकडं पाहूच नये," आत्या म्हणाल्या. "भुतानं काम कोणाचं केलं, ते पाहावं. वकील मरते आन् हवेली पुतण्याले भेटते. मंग पुतण्याचे पाय धुऊन पाह्य, चिखल निघते."

आता कुसुमआजीकडं येते, कारण ही गोष्ट तिची आहे. कुसुम माझी धाकटी नणंद, अंगानं किरकोळ, बोलायला भित्री. तिचं लग्न लांबलं होतं, तेव्हा नरखेडकडच्या एका संत्रावाल्याचं स्थळ आलं. बिजवर, पण बाग मोठी आणि बोलायला नम्र. पहिली बायको विहिरीत पडून गेली होती. तो बैठकीत डोळे पुसत म्हणाला, "मी मागोमाग उडी घेतली, पण ती हाती लागली नाही." मामंजी विरघळले. बायकोसाठी विहिरीत उडी घेणारा जावई पुन्हा कुठं मिळायचा? आत्या एकट्याच म्हणाल्या, "फार लवकर रडला." त्यांचं कुणी ऐकलं नाही, कारण त्या सगळ्यांनाच तसं म्हणत.

दिवाळसणाला जावई आले. माझे दीर त्यांना अंबाझरीला पोहायला चला म्हणाले, तर ते संकोचून हसले. "मले पोहता येत नाही, तुम्ही जा." बायका फराळाची ताटं मांडत होत्या. सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळे विसरले.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा आपला रिवाज. त्यामुळं मामंजी गेले तरी ओसरीवर घटकाभर टेकून परत येत. कुसुम आत कशी राहते, ते कुणी पाहिलंच नव्हतं. मग माघात जावई एकटेच संत्र्यांची टोपली घेऊन आले. चहा घेताना खाली मान घालून म्हणाले, "तिच्या अंगात येऊन राहिलं. पहिलीनं धरलं तिले. टाक गळ्यातून काढून टाकला, तवापासून दिवस कलला की विहिरीकडं जाते. आम्ही किती सांभाळावं?" सासूबाई रडू लागल्या. मामंजींनी अंगारा आणायला माणूस पाठवला. मी डॉक्टरचं नाव काढलं, तर जावई मला हात जोडून म्हणाले, "वहिनी, हे डॉक्टरचं काम नाही." ते गेल्यावर आत्यांनी टोपलीतलं एक संत्रं हातात घेतलं आणि बराच वेळ न सोलता धरून ठेवलं. त्या दिवशी त्या जेवताना सखूशीही बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात हवेलीचा तिसरा आणि शेवटचा सिनेमा लागला. कुणाचं मन नव्हतं, पण आत्या म्हणाल्या, "चाल सुनबाई, मले डोकं चालवायचं आहे." इंटर्व्हलला त्यांनी खुन्याचं नाव घेतलं: नवरा. या वेळी त्या चुकल्या. शेवटी भूत खरं निघालं. पहिली बायको येते आणि दुसरीला तळ्यात ओढून नेते. नवरा तिला वाचवायला पाण्यात झेप घेतो, रिकाम्या हातानं बाहेर येतो, काठावर डोकं आपटून रडतो. आजूबाजूच्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि आत्या ताडकन उभ्या राहिल्या.

"तळ्यातून आला न बे हा? मंग कोट कोरडा काहून?"

"ओ मावशी, बसा ना खाली!" मागून ओरडा झाला.

"पिक्चर आहे वं बाई!"

"पिक्चर असू दे. कोट कोरडा आहे!"

मी त्यांचा पदर ओढला. त्या बसल्या. हात गळ्यातल्या टाकावर गेला. पडद्यावर भूत धुक्यात निघून चाललं होतं. आत्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सुनबाई, आपल्या जावईबापूले पोहता येते का वं?"

दिवाळीची ताटं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी मान हलवून नाही म्हटलं.

"तो परवा खबर द्याले नव्हता आला," आत्या म्हणाल्या. "तो आपल्याले तयार करून राहिला होता. उद्या कुसुम विहिरीत पडली, तं आपण भुतालेच बोल लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. मामंजींना "देवदर्शनाले" असं सांगितलं होतं. बसमध्ये आत्या एकच वाक्य बोलल्या. "मी चुकले असंन तं बरंच होईल." हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

घर बागेतच होतं, मागं विहीर, विहिरीवर पंप. आम्हाला पाहून कुसुमची सासू गडबडली. आत्या ओसरीवर थांबल्याच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि तिच्यासमोर उभ्या राहून प्यायल्या. "लेकीच्या घरचं पाणी...?" सासू म्हणाली. "प्याले," आत्या म्हणाल्या. "आता जेवतोही. आता आम्ही राहू शकतो."

कुसुम मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. इतकी वाळली होती की आधी मला ती दुसरीच कुणी वाटली. दारातून सासू सांगत होती, "हात नका लावू, अंगात आहे तिच्या." आत्यांनी दार लोटून घेतलं आणि तिला मांडीवर घेतलं.

"टाक काहून काढला वं बाई?"

"मी नाही काढला, आत्या," कुसुम म्हणाली. "त्यायनंच काढला. दोरा मळला म्हणाले. मग देलाच नाही." तिनं उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि टाक काढून दाखवला. "मी शोधून ठेवला. गिरजा नाव होतं तिचं. मले तिचं भेव नाही वाटत. मी विहिरीवर पाण्याले जातो, तं हे मागून येतात आन् उभे राहतात. काही बोलत नाहीत. तेच भेव वाटते."

दुपारी जावई बागेतून आले. गडीमाणसं पंपाजवळ भाकरी खात बसली होती. आत्या सगळ्यांसमोर त्यांना घेऊन विहिरीशी गेल्या, अगदी मायेनं. "जावईबापू, तुम्ही गिरजासाठी उडी घेतली, तं कुठून घेतली होती जी?"

त्यांनी एका कडेला बोट दाखवलं.

"आन् दिवाळीत तं म्हणत होते, पोहता येत नाही."

गडी खायचे थांबले. जावयांचा चेहरा बदलला नाही, हे मला अजून आठवतं. ते म्हणाले, "दोर धरून उतरलो होतो."

"असंल," आत्या म्हणाल्या. "कुसुमले नेऊन राहिलो आम्ही."

ते हो म्हणाले. थांबवलं नाही, भांडले नाहीत, सोबत संत्रीही दिली. परतीच्या बसमध्ये कुसुम माझ्या खांद्यावर झोपली, तेव्हा आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "परत कधी पाठवता, हे त्यानं एकदाही नाही विचारलं. तुझ्या ध्यानात आलं?" माझ्या ध्यानात आलं होतं.

नागपुरात कुसुमच्या अंगात एकदाही आलं नाही. तिला परत पाठवायचं नाही, यावर घरात महिनोन्महिने वाद झाले. लोक काय म्हणतील, पुरावा काय, शेजारी काय विचारतात. पुरावा खरंच नव्हता, आणि आजही नाही. त्या माणसानं त्या विहिरीशी नेमकं काय केलं होतं, की काहीच केलं नव्हतं, ते मला माहीत नाही. मामंजी एकदा चिडून म्हणाले, "ताई, तुह्या एका शंकेपायी पोरीचा संसार मोडला." आत्यांनी कुसुमकडं बोट दाखवलं. ती अंगणात पापड वाळत घालत होती आणि गुणगुणत होती. "अरे, मोडला तं मोडला. पण गाणं कोण म्हणून राहिलं, ते पाह्य."

पुढं गांधीबागेतल्या कापडवाल्याकडून आत्यांना कळलं की त्याच माणसाच्या तिसऱ्या लग्नाचा बस्ता बांधला जातो आहे. आत्यांनी मुलीकडचा पत्ता काढला, रिक्षानं गेल्या आणि मुलीच्या आईला बाजूला घेऊन फक्त दोन गोष्टी सांगितल्या: तो विहिरीत उडी घेतली म्हणतो, आणि त्याला पोहता येत नाही. शिव्या खाऊन परत आल्या. पण ते लग्न झालं नाही.

शेवटच्या आजारातही आत्यांनी डॉक्टरच्या गोळीवर शंका घेतली. गोळी हातात धरून डॉक्टरलाच म्हणाल्या, "ही कोणाच्या कामाची आहे, माझ्या का तुह्या?" मग हसल्या आणि गिळली. जायच्या आदल्या दिवशी सखूचा टाक मला काढायला सांगितला. "ही माझ्यासोबत नको. जळून जाईल. तुह्याकडं राहू दे. लोणचं खारट करत नको जाऊ."

कुसुम पुढं बालवाडीत शिकवू लागली, आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. तुम्ही दोघं लहानपणी तिच्या मांडीवर झोपला आहात. तिनंही आपला टाक माझ्याकडं देऊन ठेवला आहे.

माझ्या देव्हाऱ्यात दोन टाक आहेत, सखूचा आणि गिरजाचा. मी रोज दोघींना कुंकू लावते. कुसुमच्या नावाचा टाक कुणाला घालावा लागला नाही, कारण कुसुम आहे. आज सकाळी ती माझ्याकडं चहाला आली होती.