तिन्हीसांजेचा शॉट

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटला पश्चिमेची खिडकी होती, पण समोरच्या इमारतीमुळे ऊन कधी आत आलं नाही. ती इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडली आणि संध्याकाळचं ऊन खिडकीखालच्या बाबांच्या खुर्चीवर पडायला लागलं. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. आता पाळी आमच्या इमारतीची होती. उद्या सकाळी आईचं सामान वारज्याच्या भाड्याच्या घरात जाणार होतं. मी कॅमेऱ्यावर पोट भरणारी बाई, आणि आईचा या घरातला एकही धड शॉट माझ्याकडे नव्हता. तो आजच हवा होता.

दुपारपासून माझा पाय एका जागी ठरेना. ट्रायपॉड इकडून तिकडे, खोकी तिकडून इकडे.

"पॅकर्सवाले उद्या येणारेत," आई म्हणाली. "तू आजच कशाला सुरुवात केलीस?"

अखेर फ्रेम सापडली. डाव्या कडेला, सावलीत, मटार सोलणारी आई. मध्ये मोकळी भिंत. उजवीकडे खिडकीखाली रिकामी खुर्ची, आणि सगळं ऊन तिच्यावर. या घरातून कोण गेलंय ते न सांगता कळत होतं. मला भरून आलं. त्याच क्षणी फ्रेम जमल्याचा आनंदही झाला आणि त्या आनंदाची चीड आली.

आईने उठून स्क्रीनमध्ये पाहिलं. "ही कोपऱ्यातली बिचारी कोण?"

"तू."

"मी नुसती मटार सोलत होते. बिचारी तू केलंस."

खुर्ची फ्रेमबाहेर ठेवून पाहिली, तर बाबांना पुसून टाकल्यासारखं वाटलं. जवळून घेतलं, तर आईच्या नुसत्या सुरकुत्याच दिसायला लागल्या. कुठेही उभी राहिले तरी काहीतरी खोटं होत होतं, आणि ऊन खुर्चीच्या हातावरून सरकत चाललं होतं. शेवटी पुन्हा पहिल्याच जागी आले. रेकॉर्डिंग सुरू केलं, तोच आई उठली आणि तिने ट्यूब लावली. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवायचं नाही, हा तिचा नेम मला जन्मापासून ठाऊक होता. तरी विसरले.

"आई, बंद कर ना थोडा वेळ."

"या घरातली शेवटची तिन्हीसांज अंधारात काढू? जमायचं नाही."

ट्यूबच्या उजेडात सगळं सपाट झालं. आई, खुर्ची, खोकी, भिंत, सगळं सारखंच पांढरं. कॅमेरा चालूच राहिला. बाहेर अंधारलं तशी खिडकीच्या काचेत आमचीच खोली दिसायला लागली, आणि तिच्यात कॅमेऱ्यावर वाकलेली मी. काचेत आपण दिसलो की जागा बदलायची, हा धंद्यातला पहिला धडा. मी ट्रायपॉडला हात घातला.

"आता कुठे निघालीस?"

"मी दिसतेय काचेत."

आईने मान वळवून काचेकडे नीट पाहिलं. मग मटारचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

"दिसू दे की," ती म्हणाली. "मघाशी तू नव्हतीस, म्हणून तर मी एकटी दिसत होते."

मी ट्रायपॉड होता तिथेच राहू दिला.